यात सापडलेलं कुठंय?

माझा इनामगावचा अल्बम कुणी चाळायला घेतला की चार पानं उलटतात न उलटतात तोच प्रश्न येतो, "अहो, यात सापडलेलं कुठंय? नुसती माणसंच आहेत." परवा सांगलीतल्याच एका कॉलेजच्या मुलानंही तेच विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच नीट सांगते.

इनामगाव शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठावरचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ या काळात अनेक हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यामागची मोठी नावं. इ.स.पू. १६०० ते ७०० च्या सुमारास तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती आणि त्यांची १३० हून जास्त घरं उजेडात आली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका हिवाळ्यात आम्ही काही विद्यार्थी हौसेनं हातभार लावायला गेलो. सांगलीला परत आले तर ज्याला त्याला एकच उत्सुकता, सोनं निघालं का! आमच्या चरात निघाली खापरं. पाट्याच्या पाट्या खापरं.

त्यांचे फोटो काढणं आमचं काम नव्हतं. त्याला वेगळा माणूस होता आणि त्याचा एक सोहळाच असायचा. आदल्या संध्याकाळी चराच्या भिंती तासून सरळ करायच्या. पहाटे तळ झाडायचा, आपल्याच पावलांचे ठसे पुसत मागं मागं सरकत बाहेर यायचं. मग हलकं पाणी शिंपडायचं. कोरडी माती सगळी सारखीच करडी दिसते. ओल आली की खांब रोवलेल्या जागांचे गोल डाग, चुलीची भाजलेली माती, राखेचा पट्टा असं एकेक वेगळं उठून दिसायला लागतं. ऊन तिरपं आहे तोवर मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण ठेवून फोटो. घमेली, चपला, पाण्याची कळशी, माणसं सगळं चौकटीबाहेर. ते तसंच हवं, त्यात वाद नाही. घराची लांबी-रुंदी बघणाऱ्याला आमची तोंडं काय करायचीत?

माणसं उतरली ती आमच्यातल्या एकाच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात. एका रोलमध्ये १२ फोटो, वर रोल धुवायचे पैसे वेगळे. त्यातला एखादा मडक्यावर खर्च करायला कोण तयार होणार? त्यामुळे माझ्याकडे आहेत पिंपाशी बसून खापरं धुणाऱ्या बाया, टिकाव टेकवून विडी ओढणारे बाप्ये, तंबूच्या दोरीवर वाळत घातलेले आमचे मोजे.

एका फोटोपाशी मात्र मी थांबते. चराच्या काठावर बाया बसल्यात आणि एकीचंही लक्ष कॅमेऱ्याकडे नाही. त्या बघताहेत ते खाली आहे, फोटोत आलेलंच नाही. ते लहान मुलाचं दफन होतं. इनामगावच्या त्या जुन्या वस्तीतले लोक लेकरू गेलं की त्याला दोन मडक्यांत ठेवायचे, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्यांनाही घरापाशीच पुरत, पण पाय घोट्यापासून तोडून. मी ब्रशनं माती सुटी करत होते आणि एक बाई घमेलं भरून नेत होती. मडक्यांचा सांधा दिसला तशी ती वाकली. "लेकरू हाय का?" मी मान हलवली. तिनं घमेलं खाली ठेवलं, पदर डोक्यावरून घेतला. त्या खड्ड्यातली माती चाळणीकडं जायचीच होती, पण तिनं ती शेवटपर्यंत दुसऱ्या ढिगाला लागू दिली नाही. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं. नोंदवहीत दफनाची दिशा, खोली, मडक्यांचा प्रकार सगळं व्यवस्थित गेलं. हे लिहायला रकानाच नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या कपाटात पाणी शिरलं. अल्बमची काळी पानं फोटोंना चिकटून बसली. तुमच्याकडंही असं झालं तर फोटो ओढून काढू नका. वरचा थर जिलेटिनचा असतो, ओला असताना नुसत्या बोटानंही निघून येतो. परातीत स्वच्छ पाणी घेऊन पान त्यात सोडायचं, फोटो आपणहून सुटेपर्यंत वाट बघायची आणि सुती कापडावर, चित्राची बाजू वर ठेवून, सावलीत वाळवायचा. उन्हात टाकलात तर पापडासारखा वळतो.

फोटोंच्या मागं मी घरी आल्यावर शाईनं लिहिलेलं होतं, कुठला चर, कुठली तारीख, ते सगळं धुऊन गेलं. मजुरांची नावं मात्र तिथल्या तिथं लिहिलेली, फोटोचे पहिले गठ्ठे कॅम्पवर आले तेव्हा. खापरांच्या थैल्यांत चिठ्ठ्या टाकायला खिशात कायम शिसपेन्सिल असायची, तिनं लिहिलेली. ती जशीच्या तशी राहिली.

"मग संशोधनाला याचा काय उपयोग?" तो मुलगा म्हणाला. फारसा नाहीच. तरी त्यानं सगळे स्कॅन करून दिले आणि मी ते तिकडच्या ओळखीच्यांना मोबाइलवर धाडले. दोघींची घरं लागली. तिसरीवरून दोन घरांत जुंपली आहे, दोघंही म्हणतात ती आमचीच आजी. नाव एकच, आडनाव मी लिहिलेलं नाही, त्यामुळं आता मला फोन येतात.

आणि सापडलेलंच बघायचं असेल तर येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. लाल अंगावर काळी नक्षी असलेली इनामगावची ती भांडी, ज्यांना जोर्वे भांडी म्हणतात, इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. तिथं टिचकी मारू देत नाहीत, एवढंच.