गोठ्यातली लिफ्ट

लातूर जिल्ह्यात नवं घर बघायला आलेला पाहुणा हॉलच्या रंगाचं कौतुक दोन वाक्यांत उरकतो आणि मुद्द्यावर येतो. मुरूम किती फुटांवर लागला? स्लॅबला लोखंड किती घातलं? पायाखाली काय आहे आणि डोक्यावर काय आहे, एवढं कळलं की मग तो निवांत चहा पितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भूकंपाने हादरली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली पोरंसुद्धा हेच दोन प्रश्न विचारतात. अशा मुलखात मी घरच्या गोठ्यात गाडी उचलायची लिफ्ट, तीही वापरलेली, बसवायची म्हणालो. आई म्हणाली, "लोकांनी डोक्यावरचं जड उतरवायला मातीच्या छताची माळदं पाडून पत्रे टाकले, आन् तू पैसे मोजून डोक्यावर जीप घ्यायलास?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे माझ्याकडे होतं, पण ते आईला देण्यासारखं नव्हतं.

गोठा रिकामाच होता. बैल गेले, दावण गेली, गव्हाणीत पाने, ऑईलचे डबे आणि जुने ब्रेकलायनर आले. माझ्याकडे एक म्हातारी कमांडर जीप आणि तिच्याहून थोडी तरुण मारुती ८०० आहे. दोघींचं खालचं सगळं काम आजवर जॅकवर घेऊन, पाठीखाली बारदाना टाकून केलं. वरून वाळलेला चिखल डोळ्यांत पडतो, ग्रीस कोपरापर्यंत येतं आणि उठताना कंबर आपलं वय सांगते. पूर्वी गॅरेजवाले यासाठी खड्डा करायचे. पण आमच्या जमिनीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात विहीर. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी जाऊन बसते. तिथं बल्बची वायर घेऊन उतरणं मला कधीच रुचलं नाही.

दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट बाहेरगावच्या एका बंद पडणाऱ्या वर्कशॉपमधून निघाली, एका दुरुस्तीवाल्याकडे गेली आणि तिथून निळाशार रंग लावून माझ्यासमोर उभी राहिली. सोबत आमचे मिस्त्री होते. मी रंगावर भाळलोय हे त्यांनी ओळखलं. "भैय्या, रंग आपणबी लावू. दोर बघा." त्यांनी खिशातला फडका काढला आणि पोलादी दोरावरून वरपासून खालपर्यंत फिरवला. दोरातली एखादी तार तुटलेली असेल तर फडका अडकतो. अडकला नाही. मग सिलेंडरच्या चकचकीत दांड्यावर नख फिरवून पाहिलं, कारण तिथं चरा असला की नवं सीलसुद्धा महिन्यात फाटतं. मग पायाच्या पाटाची बोल्टांची भोकं पाहिली. ती गोल होती. लांबट झाली असती तर हा खांब आधी कुठंतरी हललाय असं समजायचं. दोर, सील आणि होज पाइप नवे घातलेले होते. थ्री फेजची मोटार काढून घरच्या सिंगल फेजवर चालणारी बसवून दिली. शेताच्या थ्री फेजचं आम्हाला नवल नाही, ती कधी दिवसा येते, कधी रात्री. पण ब्रेक बदलण्यासाठी रात्री दोनला उठायची माझी तयारी नव्हती.

एका खांबावर, साधारण माझ्या छातीच्या उंचीला, निळ्या रंगाखाली वेल्डिंगचा एक टपोरा ठिपका लागतो. कारखान्यातला नाही. आधीच्या कुण्या फिटरने स्वतःसाठी केलेली ती खूण असणार. चाकाचं काम करायला गाडी इथवर घ्यायची. माझ्यापेक्षा चार बोटं बुटका असावा. रंगवणाऱ्याने ग्राइंडर मारून तो काढला नाही, याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

आता जमिनीकडे येतो, कारण लिफ्टचं खरं काम तिथंच होतं. काळी माती कापसाला चांगली, हरभऱ्याला चांगली, पण खांबाला वैरी. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जातो. तिच्यावर टाकलेली फरशी वर्षातून दोनदा हलते. घराची भिंत जराशी हलली तर गिलाव्याला तडा जातो. लिफ्टचा खांब जरासा हलला तर वर गाडी असते आणि खाली मी. म्हणून मे महिन्यात, जमीन भेगाळलेली असताना, मुरूम लागेपर्यंत उकरायला घेतलं. निघालेली माती शेजारच्या आबांनी लिंबाच्या झाडांना नेली. त्यांना या सगळ्या उद्योगातलं तेवढंच पटलं होतं.

वर मुरूम भरून, पाणी मारून धुम्मस केली. मग जालन्याच्या सळईची दुहेरी जाळी आणि तिच्यावर एम २५ चं आठ इंची काँक्रीट. या २५ चा अर्थ असा, की २८ दिवसांनी त्याच्या ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसायला हवा. आठवड्यात साधारण दोन तृतीयांश ताकद येते, आणि तिथंच माणसाला घाई सुटते. पण काँक्रीटला बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं आणि लातुरात पाणी ओतणं हा लोकांसमोर करायचा उद्योग नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेलं हे शहर आहे. आबांनी पहिल्याच दिवशी कुंपणावरून हटकलं, "का रे, माणसाला नाही आन् फरशीला न्हाऊ घालायलास?" तोवर मृगाच्या सरी सुरू झाल्या होत्या. मी पत्र्याच्या पन्हळीखाली टाकी लावली आणि आभाळाच्या पाण्यावर बारदाने भिजवत राहिलो. त्यावर आबांना बोलता येईना. मात्र रोज येऊन काठीने फरशी ठोकून आवाज ऐकून जायचे.

खांब उभे करण्याचा दिवस मानाने सोपा गेला. चेनपुली, चार पोरं, भरपूर ओरडाआरडा. मिस्त्रींनी ओळंबा सोडला, पाटाखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या, पुन्हा ओळंबा सोडला. अँकरची भोकं पाडल्यावर त्यातली धूळ त्यांनी पंपाने फुंकून काढली, ब्रशने घासली, पुन्हा फुंकली. भोकात भुकटी राहिली की बोल्ट काँक्रीटला धरत नाही, भुकटीला धरतो.

शाळेत पास्कलचा नियम पाठ करून मार्क मिळवले होते, त्यामुळे तेल गाडी उचलतं यात मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तेल फक्त उचलतं. धरून ठेवत नाही. गाडी वर जाताना दोन्ही खांबांच्या पोटात लोखंडी खिट्ट्या टकटक वाजत एकेक खाच ओलांडतात. हवी ती उंची आली की गाडी जराशी खाली सोडून त्या खिट्ट्यांवर टेकवायची, मगच खाली पाऊल टाकायचं. सील फाटो, पाइप फुटो, गाडीला त्याची खबर नसते. दोन्हीकडची टकटक एकदम आली पाहिजे. आमची सुरुवातीला मागेपुढे येत होती. एक बैल ओढणारा आणि एक कामचुकार असला की जू तिरपं होतं, तसे गाडी उचलणारे दोन्ही बाजूंचे लोखंडी हात वरखाली होत होते. मिस्त्रींनी डोळे मिटून आवाज ऐकला, दोन्ही हात बरोबरीने ठेवणाऱ्या एका दोराचा नट दोन आटे फिरवला आणि पुन्हा ऐकला. मग पान लावायला बसले, त्यावरून काम झालं हे मला कळलं.

पहिल्यांदा मारुती घेतली. जीपला खाली चॅसिस आहे, रबरी गादी तिथं लावली की झालं. मारुतीला तसा सांगाडा नाही, दाराखालच्या पट्टीवर जॅकच्या ठरावीक जागा शोधून गाद्या लावाव्या लागतात. चाकं जमिनीवरून जेमतेम सुटली की थांबायचं आणि गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायची. जे काय व्हायचं ते तिथंच, अर्ध्या फुटावर होऊ दे. मी इतकी हलवली की आई आतून बाहेर आली.

तिला आत यायला वेळ लागला. आधी उंबऱ्यापर्यंत, मग खांबापर्यंत. गाडीखाली ती अजूनही येत नाही. पण उदगीरला साखरपुड्याला निघायच्या सकाळी मारुती वर असताना वीज गेली, तेव्हा तिचं मत थोडं बदललं. खिट्टी सुटायला गाडी आधी इंचभर वर घ्यावी लागते आणि त्या इंचाला मोटार लागते. पुढचं उतरणं गाडी स्वतःच्या वजनाने करते, फक्त तेल टाकीत परत जाऊ द्यायचं. त्या एका इंचासाठी मारुती घरीच राहिली आणि आम्ही जीपमधून, पदर डोक्यावरून घट्ट ओढून, धूळ खात गेलो. संध्याकाळी परतलो तरी वीज नव्हती आणि गाडी सकाळी होती तिथंच होती. आईने बाहेरूनच तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "विजेबिगरबी धरतंय की," एवढंच म्हणाली.

आबा मात्र पूर्ण बाजूने झालेत. त्यांना आता त्यांची ट्रॅक्टरची ट्रॉली वर घ्यायची आहे. हे हात त्यासाठी नाहीत, ती नीट बसणार नाही, असं मी सांगतो. "चार टनाची हाय म्हणलास की," असं म्हणून ते दर रविवारी तिची लांबी मोजून आणतात.