सोलमधले सहा दिवस, २३ किलोची बॅग आणि हुकलेला गोचुजांग

ऑक्टोबर २०२४ ला मी एकटीच दक्षिण कोरियात सोलला जाऊन आले. सहा रात्री, त्या पण सगळ्या होंगदेजवळच्या एकाच गेस्टहाऊसमध्ये, कारण बॅग ओढत गावं बदलायचा मला भयंकर कंटाळा आहे. इंचॉन एअरपोर्टवरून सगळ्या स्टेशनांवर थांबणारी जी ट्रेन आहे ती थेट होंगिक युनिव्हर्सिटी, म्हणजे होंगदेच्याच स्टेशनला सोडते, तासाभरात पोचलात. टी-मनी कार्ड (मेट्रो-बसचं) दुकानात मिळालं पण रिचार्जला मशीनने कॅशच मागितली, तेव्हा थोडे वॉन जवळ ठेवाच. आणि हो, गुगल मॅप तेव्हा तिथे चालत जायचा रस्ता सांगत नव्हता, मी नेव्हर मॅप हे तिथलं ॲप टाकून घेतलं.

पहिल्याच रात्री फजिती. दाराला किल्ली नाही, नंबरचं कुलूप. मेसेजमध्ये आलेला कोड मी चार वेळा टाकला, चारही वेळा ते कुलूप काहीतरी कुरकुरलं आणि गप्प. रात्रीचे अकरा, बोळात मी आणि माझी बॅग, मालकीणबाई फोन उचलेनात. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एका मुलीने येऊन माझ्यासमोर तोच कोड टाकला आणि शेवटी चांदणीचं बटण दाबलं. उघडलं की दार! ते चांदणीचं कोणी लिहायचं मेसेजमध्ये? आत चपला दारातच काढायच्या आणि जमीन खालून गरम, त्यामुळे पाच मिनिटांत राग गेला.

आता खरेदी. हिशोब सोपा, वॉनमधलं शेवटचं शून्य उडवायचं आणि उरलेल्याचे साठ टक्के धरायचे, म्हणजे १०,००० वॉन साधारण सहाशे रुपये. ऑफिससाठी मी मोजे घेतले, मेट्रोच्या खालच्या दुकानांत १,००० वॉनला एक जोडी, कार्टूनवाले, वजन शून्य. वीस जोड्या घेतल्या आणि त्या विषयावर पडदा टाकला. नातेवाईकांना गिमची पाकिटं (तेच ते समुद्री शेवाळाचे कुरकुरीत कागद, काकांनी एक खाऊन डबा बंद केला ते सोडा).

टॅक्स रिफंडची मात्र मी माती केली. टुरिस्टला एका दुकानात एका वेळी किमान १५,००० वॉनची खरेदी केली की परत मिळतो, बऱ्याच दुकानांत तर बिलातूनच कापून देतात, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. माझा पासपोर्ट "सुरक्षित" म्हणून गेस्टहाऊसच्या लॉकरमध्ये. मोबाईलमधला फोटो दाखवला तर काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी फोन परत केला, इतक्या अदबीने नाही म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्योंगदोंगच्या बाजारात पासपोर्ट घेऊन गेले, शीट मास्क वगैरे टोपलीत टाकले आणि बिल झालं १४,२००. मुलीने हसत शेजारच्या लिप बामकडे बोट दाखवलं. घेतला. दहा टक्के टॅक्समधले रिफंडवाल्यांची फी जाऊन जेमतेम हजारेक वॉन सुटले असतील आणि त्यासाठी मी नको असलेला बाम घेतला, पण सूट मिळाल्यावर आपल्याला कुठे सुचतं!

नामदेमुन मार्केट मला जास्त आवडलं, आपल्या मंडईसारखी गिचमिड, ओरडाआरडा. रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात. ग्वांगजांग मार्केटमध्ये बिंदेत्तोक खाल्लं, भिजवलेली मूगडाळ जात्यावर वाटून भरपूर तेलात तळलेलं, म्हणजे आपलं मुगाचं धिरडंच पण जाड आणि कडा कुरकुरीत. व्हेज असाल तर आधी विचारा, डुकराचं मांस टाकतात कधीकधी. "गोगी पेजुसेयो", मटण-बिटण काढा असं, मी दिवसातून दहादा म्हटलं असेल.

सगळ्यात भारी वस्तू इन्सादोंगला मिळाली. आईच्या नावाचा दगडी शिक्का. आईचं नाव पार्वती. शिक्के कोरणारे दुकानातले काका म्हणाले एकेक अक्षर बोल, मी बोलले, त्यांनी लिहिलं फा-रु-बा-ती, कारण त्यांच्याकडे आपला व नाही. मी वाद घालणार होते पण चार अक्षरं, वर दोन खाली दोन, चौकोनात अशी चपखल बसली की गप्प राहिले. मग डोळ्याला भिंग, हातात बारीक पटाशी, अक्षरं उलटी कोरत होते आणि मधूनमधून दगडावरची पांढरी भुकटी फुंकत होते. अर्ध्या तासाने लाल शाईत बुडवून कागदावर दाबला आणि नाव सुलटं उमटलं. आईने तो घरी आल्या आल्या दुधाच्या वहीवर मारला.

निघायच्या आदल्या रात्री बॅग २३ च्या वर गेली. जड म्हणून अर्धा किलोचा गोचुजांगचा डबा काढून पाठीवरच्या सॅकमध्ये टाकला, आणि इथेच अक्कल गहाण पडली. मिरचीची पेस्ट, म्हणजे एअरपोर्टच्या भाषेत द्रवपदार्थ, १०० मिलीच्या वर चालत नाही. सिक्युरिटीवाल्याने डबा वर धरला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, गेला. पुढे जाऊन रिफंडचे उरलेले पैसे घेतले, शिक्क्याच्या दुकानाने कागदी पावती दिली होती तेवढीच. त्यात एक कॉफी आली. गोचुजांग शेवटी ठाण्यात ऑनलाइन मागवला, किंमत विचारू नका.