आमची वाटचाल: काळ्या काचांपासून पारदर्शक फिल्मपर्यंत

आमची सुरुवात पुण्यात नाना पेठेत, गाडीच्या काचांना काळी फिल्म लावण्यापासून झाली. एका गाळ्यात सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि फिल्म. पैसा सुटायचा तो फिल्मवरच. २७ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवायचीच नाही, मग ती कितीही पारदर्शक असो. ४ मेपासून अंमल सुरू झाला. फिल्म लावून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं आता ती काढून घ्यायला येऊ लागली, आणि भरलेला माल तसाच पडून राहिला. पेठेतल्या कित्येकांनी तेव्हा हे काम सोडलं. आम्ही हत्यारं तीच ठेवली आणि काचेवरून पत्र्यावर आलो.

हात बसलेला होता हे खरं, पण पत्रा म्हणजे काच नव्हे. काचेला आतून फिल्म लावताना ती ताणायची नसते, उष्णतेने आवळायची असते. पीपीएफ, म्हणजे रंग वाचवायला पत्र्यावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, मात्र ताणावी लागते, आणि किती ताणायची हेच खरं काम. बंपरच्या कोपऱ्यावर जास्त ओढली की पांढरट रेषा उमटतात, किंवा ती दुसऱ्या दिवशी स्वतःच आकसते आणि कड उचलते. कमी ओढली की चुण्या पडतात आणि त्या दाबून बसत नाहीत. बॉनेटवर फिल्म टाकली की आधी मधोमध पकडून बसवायची, मग दोन्ही बाजूंना सारखा ताण देत पाणी बाहेर काढायचं. एका कडेने सुरुवात करणारा पोरगा हमखास समोरच्या टोकाला अडकतो.

पाण्याबद्दलही सांगायला हवं. फिल्म सरकवायला एक लिटर पाण्यात बेबी शाम्पूचे मोजके थेंब पुरतात. शाम्पू वाढला की फिल्म छान सरकते, पण मग गोंद धरतच नाही. जिथे पकड हवी, म्हणजे कडा आणि खोलगट भाग, तिथे पाण्यात दहा ते वीस टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलेली दुसरी बाटली. दोन्ही बाटल्यांना वेगळ्या रंगाचे स्प्रे लावा, घाईत हात चुकतो. आणि पाणी आरओचंच. आमच्या शेडला बोअर आहे. ते पाणी वापरलं तर सुकल्यावर क्षार फिल्मखाली पांढरे ठिपके होऊन कायमचे बसतात. पाण्याचे बारीक फुगे आठ-पंधरा दिवसांत जिरतात, हवेचे जिरत नाहीत, आणि धुळीचा कण तर जन्मभर तिथेच. म्हणून फिल्मच्या खोलीत पंखा नाही, जमीन ओली, आणि लोकरीचा स्वेटर घालून कोणी आत यायचं नाही. डिसेंबरात आमची पोरं कुडकुडतात, पण नियम तो नियम.

कटरबद्दल गिऱ्हाईक कधीच विचारत नाही, आणि विचारायला हवं ते नेमकं तेच. तीस अंशाचं टोकदार पातं, दोन-तीन काप झाले की टोक मोडून नवं. बोथट पातं फिल्म फाडतं, मग कारागीर जोर देतो आणि पातं खाली क्लिअर कोटपर्यंत, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरापर्यंत, जातं. तो काप फिल्म असेपर्यंत दिसत नाही. फिल्म निघाली की दरवाजाच्या कडेला केसासारखी रेघ दिसते, आणि काप पत्र्यापर्यंत गेला असेल तर पावसाळ्यात तिथून गंज धरतो. म्हणूनच आम्ही लवकर प्लॉटर घेतला. तो गाडीच्या मापाने फिल्म आधीच कापून देतो, रंगाजवळ पातं जातच नाही. जिथे कड आत वळवायची तिथे तीन ते पाच मिलिमीटर जास्त सोडायचं, जिथे वळवता येत नाही तिथे एक-दीड मिलिमीटर अलीकडे थांबायचं. पॅनेलच्या अगदी काठावर फिल्म संपवली की कापडाचा धागा अडकतो, कड सुटते, आणि पुण्याच्या धुळीत महिन्याभरात काळी रेघ तयार.

मधली वर्षं बरी गेली. सिंहगड रस्त्यावर धायरीजवळ मोठी शेड घेतली, माणसं वाढली. त्याबद्दल वेगळं लिहिण्यासारखं काही नाही.

लिहायचं आहे ते २०२० बद्दल. त्याच्या आदल्या वर्षी एका घाऊक विक्रेत्याकडून आम्ही फिल्मचे रोल घेतले. दीड मीटर रुंद, पंधरा मीटर लांब, आठ मिल म्हणजे साधारण दोनशे मायक्रॉन. मध्यम आकाराच्या गाडीला पूर्ण लावायची तर जवळपास असा एक रोल जातो. खोक्यावर टीपीयू (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, चांगल्या फिल्मचं लवचिक प्लास्टिक), बिलावर टीपीयू, वॉरंटी कार्डावर पाच वर्षं. भावही स्वस्त नव्हता, नेहमीचाच होता. मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि गाड्या सोसायट्यांच्या उघड्या पार्किंगमध्ये उन्हाळाभर उभ्या राहिल्या.

जूनमध्ये शेड उघडली तर पहिले आले ते काका. सहकारनगरचे, बँकेतून निवृत्त, पांढरी सेडान, काळ्या काचांच्या दिवसांपासूनचे गिऱ्हाईक. मुलगी साताऱ्याला, त्यामुळे खंबाटकी घाटात दर पंधरवड्याला ट्रकमागचे खडे खाणारी गाडी. बॉनेट, बंपर आणि आरसे यांना आम्ही त्याच रोलची फिल्म लावली होती. काकांनी काही न बोलता खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला, आधी छतावर ठेवला, मग बॉनेटवर. छत कागदासारखंच पांढरं. बॉनेट जुन्या पोस्टकार्डाच्या रंगाचं.

एका गाडीवर थांबलं असतं तर बरं. त्या रोलमधून गेलेल्या गाड्या एकामागून एक आल्या. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर पिवळेपणा उघड दिसत होता. काळ्यांवर दिसत नव्हता, पण नखाने कड दाबली की फिल्म कडक झालेली कळत होती. टीपीयू तशी होत नाही. आम्ही उरलेल्या रोलचा तुकडा घेतला, तांब्याची तार गॅसवर लाल केली, फिल्मला टेकवली, पुन्हा आचेत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी प्लास्टिसायझर घालून मऊ केलेली असते, उन्हात तो प्लास्टिसायझर निघून जातो, मग पिवळेपणा आणि तडे. चांगली टीपीयू, त्यातही अॅलिफॅटिक प्रकारची, वर्षानुवर्षं ऊन सोसते. ही चाचणी करायची असेल तर घराबाहेर करा, धूर विषारी असतो. तार नको असेल तर तुकडा जोरात ताणून सोडा. टीपीयू परत आपल्या मापाला येते, पीव्हीसी ताणलेलीच राहते.

विक्रेत्याला फोन केला. त्याचं म्हणणं, गाड्या उन्हात ठेवल्या म्हणून झालं, वॉरंटीत बसत नाही. काका शेजारीच उभे होते. म्हणाले, “मग गाडी काय कपाटात ठेवायची?” पुढे त्या नंबरवर फोन लागायचाच बंद झाला. वॉरंटी कार्डावर फिल्म बनवणाऱ्याचा पत्ताच नव्हता, फक्त एक चमकदार होलोग्राम.

सगळ्या गाड्यांची फिल्म आम्ही आमच्या खर्चाने काढली. कडक झालेली पीव्हीसी सोलून येत नाही, तुकड्या-तुकड्यांनी येते, आणि गोंद मागे राहतो. हीट गनने पत्रा साठ अंशांच्या आसपास आणायचा, तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने बघायचं, हाताने अंदाज करायचा नाही. फिल्म वर उचलून ओढायची नाही, स्वतःवरच दुमडून अगदी सपाट कोनात, सावकाश मागे न्यायची. गार पत्र्यावर झटक्यात ओढली तर रिपेंट केलेल्या पॅनेलचा रंग सोबत येतो, कारण लांबी (पुट्टी) भरून गॅरेजमध्ये मारलेला रंग कंपनीच्या रंगाइतका धरलेला नसतो. उरलेला गोंद संत्र्याच्या सालीपासूनच्या रिमूव्हरने आणि प्लास्टिकच्या पट्टीने. थिनर लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

प्लॉटर विकावा लागला. दोन माणसं घरी पाठवावी लागली, ती पुढे दुसरीकडे लागली. काकांनी नव्या फिल्मचे पूर्ण पैसे काम सुरू व्हायच्या आधी ठेवले आणि म्हणाले, “आता रोल माझ्यासमोर जाळून बघायचा.” तेव्हापासून प्रत्येक नव्या रोलचा तुकडा आम्ही तारेने तपासतो, गिऱ्हाइकाला हवं तर त्याच्यासमोर. काकांच्या सोसायटीतल्या निम्म्या गाड्या पुढे आमच्याकडेच आल्या.

सावरत होतो तेवढ्यात आमच्याच रस्त्यावर नवं दुकान उघडलं. काचेचा दर्शनी भाग, छताला षटकोनी एलईडी दिवे, पाटीवर “१०एच सिरॅमिक, पाच वर्षं वॉरंटी”, आणि आमच्या नुसत्या पॉलिशला लागतो त्याहून कमी दर. आमच्याकडची दोन पोरं तिकडे गेली. गिऱ्हाईक आमच्याकडे चौकशी करायचं आणि तिकडे जाऊन गाडी द्यायचं. काही महिने हेच.

त्या १०एचबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘एच’ ही कडकपणाची मोजणी पेन्सिलीच्या शिशाची आहे, हिऱ्या-माणकांची नाही. त्या चाचणीच्या प्रमाणित पेन्सिली ९एचला संपतात. सिरॅमिक कोटिंग म्हणजे रंगावर हाताने लावायचा पातळ लेप; त्याचा थर साधारण एक मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि कोणत्याही ‘एच’चा असला तरी एक्स्प्रेसवेवरचा खडा तो थांबवत नाही. खडा थांबवायला जाडी लागते, ती फिल्मला असते. कोटिंग करतं ते एवढंच: पाणी, चिखल, कावळ्याची विष्ठा चिकटू देत नाही, गाडी धुणं सोपं करतं, चमक टिकवतं. हे काही कमी नाही, पण दगडाचं काम त्याच्यावर ढकलू नका. दोन्ही हवं असेल तर आधी फिल्म, मग तिच्यावर कोटिंग. उलट केलं तर फिल्म धरत नाही, कोटिंगचं कामच मुळी काही चिकटू न देणं आहे.

षटकोनी दिव्यांचंही तसंच. फोटोत बॉनेट झकास दिसतं, पण गोल-गोल चरे दिसायला एकाच ठिकाणाहून येणारा प्रखर दिवा लागतो, साधी टॉर्चसुद्धा चालते. स्वस्तात काम करायचं तर चरे काढत नाहीत, तेलकट ग्लेझने भरतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पॅनेल पुसलं की ते सगळे परत हजर होतात. कोटिंग त्याच्यावर लावलं तर ते रंगाला न धरता त्या तेलाला धरतं आणि चार-पाच धुण्यांत जातं.

पण खरं नुकसान वॉरंटीच्या अटीत होतं. दर सहा महिन्यांनी “मेंटेनन्स” सक्तीचा, नाहीतर वॉरंटी रद्द. त्या मेंटेनन्समध्ये दर वेळी लोकरीच्या पॅडने रबिंग, म्हणजे रंगाचा वरचा थर घासून काढणं. कंपनीच्या रंगाची एकूण जाडी साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट पस्तीस ते पन्नास. जोरदार रबिंग एका वेळी दोन ते पाच मायक्रॉन खातं. पाच वर्षं वॉरंटी पाळा आणि हिशेब करा. कोटिंग टिकवण्यासाठी रंगच संपवायचा, हा प्रकार आम्हाला अजून समजलेला नाही. आमच्याकडे गाडी आली की जाडी मोजणारा मीटर आधी फिरतो. दीडशेच्या बराच वर आकडा आला तर रिपेंट, पाचशेच्या वर गेला तर खाली लांबी. आणि ऐंशीच्या आसपास आला तर आम्ही रबिंग करतच नाही, मऊ फोमने हलकं पॉलिश करून थांबतो. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे.

आमची पद्धत थोडक्यात: फोमने धुणं, मग आयर्न रिमूव्हर. भोसरी, चाकणकडच्या गाड्यांवर तो मारला की जांभळ्या धारा वाहतात, कारखान्यांचे आणि ब्रेकचे लोखंडाचे कण रंगात रुतलेले असतात. मग क्ले (रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी), मग डीए (ड्युअल अॅक्शन) मशिनवर पॉलिश, अल्कोहोलने पुसणं, आणि शेवटी कोटिंग. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट, आडवे-उभे हात. एप्रिलच्या उन्हाळ्यात एसी नसलेल्या शेडमध्ये कोटिंग अर्ध्या मिनिटात घट्ट होतं, पुसायला गेलं की काळपट डाग राहतात आणि ते परत पॉलिश करूनच निघतात. म्हणून आमची कोटिंगची खोली पंचवीस अंशांवर. लावल्यावर दिवसभर पाणी नाही, आठवडाभर शाम्पू नाही.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. नवी गाडी घेताना शोरूमला सांगा, धुऊ नका, पॉलिश करू नका, आहे तशी द्या. अर्ध्याहून जास्त चरे तिथेच पडतात. सोसायटीत एका बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्याला महिन्याचे पैसे द्या, पण बाहेरून गाडी पुसू नको म्हणा, आतलीच झाड. धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नका. बोअरच्या पाण्याने धुवत असाल तर उन्हात सुकू देऊ नका, जागच्या जागी पुसा. पैसे थोडे असतील तर पूर्ण गाडीच्या स्वस्त फिल्मपेक्षा बॉनेट, पुढचा बंपर, आरसे आणि मागच्या चाकापुढचा पत्रा एवढ्यालाच चांगली टीपीयू लावा. रिपेंट झालेल्या पॅनेलला किमान महिनाभर फिल्म नको, रंगातलं सॉल्व्हंट आधी निघू द्या.

समोरचं दुकान अजून आहे, पाटी मात्र बदललीय, आता “ग्राफीन”. तिथल्या गाड्या पिवळी कड आणि काळी रेघ घेऊन आमच्याकडे येतात. जुनी फिल्म काढण्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो, तासावर, आणि आकडा काम सुरू व्हायच्या आधी सांगतो. खाली कटरची रेघ निघाली तर ती आमची नाही, हे बिलावर लिहून गिऱ्हाइकाची सही घेतो.