उजळाईवाडी ते रेणिगुंटा: अंतर, उड्डाण आणि घर ते तिरुमला लागलेला वेळ

कोल्हापूरहून तिरुपतीला जायचे म्हटले की आमच्या घरी आजवर हरिप्रिया एक्सप्रेसच ठरलेली असे. वीस तासांहून अधिक काळ गाडीत बसणे आईच्या गुडघ्यांना आता झेपत नाही, म्हणून या वेळी आम्ही थेट विमानाने गेलो. कोल्हापूरचे उजळाईवाडी आणि तिरुपतीचे रेणिगुंटा या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर साधारण ६५५ किलोमीटर भरते, तर बेळगाव-हुबळी-बळ्ळारीवरून रस्त्याने गेल्यास आठशेहून अधिक किलोमीटर पडतात.

आमचे विमान एटीआर ७२, म्हणजे पंख्यांचे होते. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असल्याने नुसत्या भागाकाराने सव्वा तासाचे उत्तर येते. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे आणि उतरण्यासाठी वळसा घेणे यांत आणखी वीस-पंचवीस मिनिटे जातात. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतची असते. आम्हाला एक तास चाळीस मिनिटे लागली. याच अंतरासाठी जेट विमान मिळाल्यास वेळ बराच कमी होतो, म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकार अवश्य पाहावा.

खरा हिशोब मात्र घराच्या उंबऱ्यापासून करावा. राजारामपुरीतून विमानतळापर्यंत अर्धा तास, तिथे दीड तास आधी पोहोचणे, उड्डाण, रेणिगुंट्याला सामान हाती येईपर्यंत पंचवीस मिनिटे, टॅक्सीने तिरुमला डोंगराच्या पायथ्याच्या अलिपिरीपर्यंत चाळीस मिनिटे, तिथल्या तपासणीच्या रांगेत अर्धा तास आणि घाटात पाऊण तास, असे घर ते तिरुमला एकूण सहा तास झाले. अलिपिरीला प्रत्येक बॅग उतरवून तपासतात, त्यामुळे सामान मोजके आणि उचलता येईल असेच न्यावे. तंबाखूची पुडी खिशात राहिली असेल तर ती आधीच काढून टाकावी, कारण वर ती नेता येत नाही.

एटीआरमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढतात. पायऱ्या मोजक्याच असल्याने आईला हात धरून सहज चढवता आले. पंख्यांचा आवाज पुढच्या-मधल्या ओळींत जास्त जाणवतो, तेव्हा वयस्कर माणसांसाठी मागची जागा निवडावी. पंख छताला जोडलेले असल्यामुळे खिडकीतून खालचे सगळे दिसते. वर चढताना उसाची हिरवी शेते आणि मधून गेलेला नदीचा वळणदार पट्टा आई डोळ्यांना पदर लावून पाहत राहिली.

एक चूक आमच्याकडून झाली, ती इतरांनी टाळावी. निघण्यापूर्वी अंबाबाईची ओटी भरून मिळालेला नारळ आईने हातातल्या पिशवीत ठेवला होता आणि सुरक्षा तपासणीत तो बाहेर काढावा लागला. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही, सुके खोबरे तर मोठ्या बॅगेतही चालत नाही. आईला फार वाईट वाटले. शेवटी सोडायला आलेल्या भावाला आत येता येईना, म्हणून मीच दारापर्यंत परत जाऊन नारळ त्याच्या हाती दिला आणि त्याने तो घरी देवापुढे ठेवला. तिरुपतीहून आल्यावर अंबाबाईचे दर्शन घ्यायचेच असते; परतीच्या दिवशी विमानतळावरून थेट महाद्वारात गेलो, तेव्हा तोच नारळ भाऊ घेऊन उभा होता.