कुपा पाण्यातच बिघडतो

रत्नागिरीच्या धक्क्यावर व्यापाऱ्याने पोकळ सळी माझ्या कुप्याच्या, म्हणजे ट्यूना माशाच्या, शेपटीजवळ खुपसली, फिरवून बाहेर काढली आणि आत आलेली मांसाची बारीक दांडी तळहातावर घेतली. लालभडक हवं ते मांस फिकट, तपकिरीकडे झुकलेलं. चिमटीत दाबलं तर पाणी सुटलं. "भाजलाय," तो म्हणाला आणि भाव निम्म्यावर आणला. मासा पहाटेचा, बर्फातला. मला पटेचना.

मग तांडेलकाकांनी समजावलं. कुप्याचं अंग पाण्यापेक्षा गरम असतं. माझा मासा गळाला लागून अर्धा तास झुंजला, वर डेकवर आपटत राहिला. अशा दमछाकीत स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, अंग आणखी तापतं आणि दोन्ही मिळून मांस आतल्या आत शिजवतात. त्यावर मी बर्फाचे खडे नुसते पसरले होते. लक्षद्वीपला गळाच्या काठीने धरलेला मासा काही सेकंदांत होडीत येतो, त्याची अशी दैना होत नाही.

पुढच्या फेरीला जाड दोरी लावली, मासा लवकर ओढला. डेकवर जुनी गादी अंथरलेली होती. त्यावर घेताच काकांनी त्याच्या डोळ्यावर ओला फडका टाकला, तसा तो बराचसा शांत झाला. मग डोळ्यांच्या मधोमध, जरा वर, टोचा घातला. कल्ले एकदम फाकले, अंगभर शहारा गेला आणि सगळं सैल पडलं. त्याच भोकातून तार पाठीच्या कण्यात सारली, शेपटी थरथरून थांबली. छातीच्या पराच्या मागे तीन बोटांवर चीर दिली, रक्त जोरात आलं. कल्ले, आतडी काढून मासा समुद्राच्या पाण्यात कालवलेल्या बर्फात बुडवला. असा लगदा सगळीकडून चिकटतो, खड्यांच्या मधे मात्र हवा राहते. मासा गरम राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर चट्टे उठतात. म्हणून घाई मला भावापेक्षाही महत्त्वाची वाटते.

या वेळी सळीतून निघालेलं मांस लाल, चकचकीत होतं. व्यापाऱ्याने ते दाबलं, बोटं कोरडीच राहिली. तो काही बोलला नाही, सरळ वजनकाट्यावर चढवायला सांगितलं.

जाळ्यात रात्रभर अडकून मेलेल्या कुप्याला यातलं काहीच लागू पडत नाही. तो आम्ही आता वेगळ्या क्रेटमध्ये ठेवतो.