म्यूट लावू की नको?

ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट वाजवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही. कागदावर 'कॉन सॉर्डिनो' दिसलं की म्यूट, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारा बुचासारखा तुकडा, भोंग्यात बसवायचा, 'सेन्झा' आलं की काढायचा. डोकं संगीतकाराने आधीच चालवलेलं असतं. पंचाईत होते ती एकट्याने उभं राहून वाजवताना. ओळखीतल्या एका घरगुती मैफलीत मला एक संथ चाल वाजवायची आहे आणि चाल पाठ होऊनसुद्धा मी तिथेच अडलोय.

घरच्यांच्या लेखी म्यूट म्हणजे आवाज कमी करायची सोय. सरावाचा म्यूट तेवढंच करतो आणि शेजारच्या काकूंचे त्याला आशीर्वाद आहेत. बाकीच्या म्यूटांचं काम वेगळं. स्ट्रेट म्यूट लावला की ट्रम्पेट धारदार, थोडं नाकात बोलायला लागतं. कप म्यूटने तेच मवाळ होतं. आणि प्लंजर तर बेसिन तुंबल्यावर प्लंबर वापरतो तोच, दांडा काढलेला रबरी तुकडा! अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात ट्रम्पेटवादक बबर मायली भोंग्यात छोटा म्यूट घालायचा, वर प्लंजर हलवायचा आणि घशातून गुरगुरायचा. ट्रम्पेट अक्षरशः बडबडायचं.

मला मोह आहे तो हार्मनचा. हा ॲल्युमिनियमचा म्यूट. स्ट्रेट म्यूटला बुचाच्या तीन पट्ट्या असतात, त्यामुळे कडेने हवा निसटते. हार्मनला बूच गोल, सगळीकडून घट्ट. सगळी हवा म्यूटमधूनच जायला हवी. मधली नळी ठेवली तर हाताने 'वा-वा' करता येतं. ती काढून टाकली की उरतो तो जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा आवाज. १९५५ साली अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात त्याने पियानोवादक थेलोनियस मंकची 'राउंड मिडनाइट' ही चाल अशीच वाजवली, भोंगा माइकला जवळजवळ टेकवून. त्या वादनानंतर त्याचे दिवस पालटले. आपण ऐकतो तेव्हा म्यूट आठवतो, माइक विसरतो. माइकशिवाय हार्मन तिसऱ्या रांगेपुढे पोचणं कठीण.

शिवाय सूर. म्यूट आत गेला की सूर जागचा हलतो. स्ट्रेट आणि हार्मनने सहसा चढतो, मग ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, थोडी बाहेर ओढावी लागते. हे दुखणं जुनं आहे. इटालियन संगीतकार माँटेव्हर्डीने १६०७ च्या 'ऑर्फेओ' या ऑपेरात सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की ट्रम्पेटना म्यूट लावणार असाल तर तुकडा एक पूर्ण सूर वर घ्या. हार्मनमध्ये खालचे स्वर तर रुसूनच बसतात आणि माझी चाल नेमकी तिथेच घुटमळते. बुचावर तोंडाची वाफ सोडून, किंचित पिळून म्यूट बसवला नाही तर तो ऐन समेवर खाली पडतो. ॲल्युमिनियम फरशीवर पडल्याचा आवाज कुठल्याही म्यूटने दबत नाही.

आपल्या कानाला ट्रम्पेटची ओळख उघड्या आवाजाची. वरातीतला बँडवाला म्यूट कशाला लावेल? त्याला तर पुढच्या चौकात ऐकू जायचं असतं. गोव्याहून मुंबईत आलेल्या ट्रम्पेटवादक चिक चॉकलेटला लोक अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवाल्याच्या नावाने भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. त्या गाण्यांवर वाढलेल्या श्रोत्यांपुढे म्यूट लावला की कुणीतरी हमखास विचारतं, "आज दम लागलाय का?"

माझं मत विचाराल तर एकल वादनात उघडं ट्रम्पेट हेच घर. म्यूट लावायचा तो श्रोत्याला जवळ बोलवायचं असेल तेव्हा, आणि तोही एखाद्या आवर्तनापुरता. अख्खी चाल त्यातच वाजवली की कान सरावतो आणि जादू जाते. आवाज कोरडा लागतोय म्हणून हार्मन लावणारे मात्र मला पटत नाहीत. म्यूट काढायची वेळ येतेच, आणि तेव्हा तोच कोरडा आवाज सगळ्यांसमोर येतो.

एवढं ठरवून यजमानांना फोन केला. माइक आहे का?

"आहे ना! पण एकच आहे, निवेदन करणाऱ्या ताईंचा."

कप म्यूट पिशवीत टाकलाय. बघू.