पावसाची सरासरी आणि पूर्वेकडचे माळ

कोल्हापूर म्हटले की पंचगंगेचा पूर आठवतो, आणि 2019 व 2021 नंतर तर ते साहजिकच आहे. परंतु ज्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला सुमारे 5000 मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस शिरोळकडे तो जेमतेम 500 ते 600 मिलिमीटरवर येतो, आणि तेथून पुढे जत-आटपाडीच्या दिशेने निमशुष्क गवताळ माळ सुरू होतात.

या माळांविषयी बोलताना आपण वर्षाची सरासरी सांगून मोकळे होतो. माझ्या मते गवतासाठी हा आकडा फारसा कामाचा नाही; मृगाच्या सरींनी फुटलेल्या कोंबाला पुढची सर किती दिवसांनी मिळते, यावर वर्षाचा चारा ठरतो. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवले. एकूण पाऊस मात्र वाढला नव्हता. म्हणजे पाऊस मोजक्या दिवसांत उरकतो आणि उघडीप लांबते.

याचा परिणाम सर्वत्र सारखा होत नाही, हे अमेरिकेतील दोन प्रयोगांतून दिसले. कॅन्ससच्या पुरेशा पावसाच्या कुरणात एकूण पाणी तेवढेच ठेवून दोन सरींमधील अंतर वाढवले, तेव्हा गवताची वाढ घटली. कोलोरॅडोच्या कोरड्या कुरणात तेच पाणी 12, 6 किंवा 4 हप्त्यांत दिले, तर सर्वांत कमी हप्त्यांत ती सर्वाधिक झाली, कारण हलकी सर वरच्या थरातूनच वाफ होऊन जाते आणि मोठी सर खोल मुरते. हे वाचून कोणी आपल्या माळांबद्दल निर्धास्त होऊ नये. मोठी सर मुरायला खाली माती हवी, आणि आपल्याकडे अनेक माळांवर वीतभर मातीखाली मुरूम किंवा कातळच लागतो. जोराचा पाऊस मुरण्याआधीच ओढ्याला मिळतो आणि जाताना तीच माती घेऊन जातो.

लांबलेल्या उघडिपीत चराई चालूच राहिली, की मारवेल, पवन्या यांसारख्या बहुवर्षायू गवतांचे ठोंब खंगतात आणि मोकळ्या जागी अल्पायुषी, कमी कसाची गवते शिरतात. जेथे माती खोल आहे तेथे वेगळाच धोका आहे: दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानातील 2013 च्या अभ्यासात सरी कमी पण मोठ्या केल्यावर झुडपे वाढली आणि गवत घटले. अशा वेळी माळाला ‘पडीक’ ठरवून त्यावर झाडे लावण्याची हौस मला अनाकलनीय वाटते.

कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या यात्रेत भाकणूक, म्हणजे पाऊसपाण्याचे भाकीत, ऐकायला जमणारा धनगर पाऊस केव्हा येईल याकडे कान लावून असतो. आपल्या नोंदींत 2.5 मिलिमीटर पडले तरी तो पावसाचा दिवस धरला जातो, पण तापलेल्या मुरमाड जमिनीवर एवढ्याशा पाण्याने मुळे भिजत नाहीत. तालुक्याच्या पर्जन्यमापकावरून दोन चांगल्या सरींमधील कोरडे दिवस मोजणे अवघड नाही, आणि गायरान चराईसाठी केव्हा बंद ठेवायचे हे त्यावरून ठरवता येईल.